खिडकीकडे तोंड करून

डोळ्यांच्या दवाखान्यात शिलाईवाल्या बाईंच्या डोळ्यांत थेंब घालून नर्सने त्यांना डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. कानांना कुणी काही सांगितलं नव्हतं. शेजारच्या बाकावर आजी आणि नात बोलत होत्या.

"आजी, आपण प्रार्थना खिडकीकडे तोंड करूनच का करतो?"

"माझे सासरे करायचे म्हणून."

"ते का करायचे?"

"अंगणात त्यांच्या कोंबड्या असायच्या. शेजारी चोरायचा."

"काय सांगतेस! बाबा तर म्हणतात, ती पवित्र दिशा आहे."

"कोंबड्या गेल्या, दिशा राहिली."

"मग बाकीचंही तसंच असलं तर?"

"असेल काही. चाळून बघावं."

"रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून 'मी विश्वास ठेवते' म्हणायचंय मला. मनातून नाही आलं तर?"

"तर म्हणू नकोस. पाळकांना सांग, अजून तपासतेय."

"तुला वाईट वाटेल म्हणून गप्प होते मी."

"मला? तुझ्या वयाची असताना मी नुसते ओठ हलवले होते."

"आजी!"

"हळू बोल. लोक डोळे मिटून बसलेत, झोपलेले नाहीत."

शिलाईवाल्या बाईंनी घाईघाईने झोप लागल्यासारखी मान कलती केली.

"मग मनापासून कधी म्हणालीस?"

"तुझे आजोबा गेले त्या वर्षी. स्वयंपाकघरात एकटीच होते. कुणी 'म्हण' असं सांगितलं नव्हतं."



"बाबांना सांगू हे?"

"सांग की. पण मी समोर असताना सांग. त्याचं तोंड बघायचंय मला."