एकविसाव्या मिनिटापर्यंत

नाही नाही, सगळे धडे नाही उतरवून घ्यायचे — तेवढं ऐकून घ्या ना आमोद, मग लावा तुमची ती वायर. चौदावा सोडून. तेरा आणि मग एकदम पंधरा. मुलांना काय कळतंय? — कळतं हो, त्यांना सगळं कळतं. पण सांगू की खराब झाला होता. मधली सुट्टी संपायला अजून बारा मिनिटं आहेत. बसा. चहा सांगितलाय मी.

तुम्ही शाळाशाळांतून हे डिजिटल फळे बसवता, तुम्हाला माहीत असेल — दर जूनमध्ये आमच्याकडून एक कागद भरून घेतात. वर्गात तंत्रज्ञान कशासाठी वापरणार, यंदाचं उद्दिष्ट काय. मुख्याध्यापकांना स्वतःला फळा सुरू करता येत नाही, म्हणून ते उद्दिष्टं तपासतात. माझं पहिल्या वर्षीचं सांगू? 'मुलांना न विचारता फळा सुरू करणे.' हसा, हसा. वीस वर्षं भूमिती शिकवलेली बाई, आणि बटण सापडेना! मग लॉकडाऊन आलं, तेव्हा लिहिलं — 'घरून शिकवताना स्क्रीन दाखवता येणे.' तेही येईना. भाग्यश्रीला यायचं. भाग्यश्री म्हणजे — हे धडे जिचे आहेत ना, ती. दुसऱ्या तुकडीची भूमिती तिच्याकडे असायची. ओट्यावर छोटा फळा टेकवून असे सुरेख धडे रेकॉर्ड केले तिनं — नवव्यात मागे कुकरची शिट्टी होते, मुलं त्या शिट्टीची वाटच बघत असतात.

गेली ती. दुसऱ्या लाटेत. त्यानंतर मी उद्दिष्ट लिहिलं, 'दृक्‌श्राव्य साधनांचा नियमित वापर.' भारदस्त आहे ना? म्हणजे एवढंच, की भाग्यश्रीचा धडा लावायचा आणि आपण मागच्या बाकावर जाऊन बसायचं. फक्त चौदाव्याला मी पुढे उभी असते. केंद्रातून जीवेवर लंब टाकून झाला, की एकविसाव्या मिनिटाला बंद. चार वर्षं, एकदाही चुकले नाही.

आणि या जूनमध्ये मूर्खासारखं लिहून बसले — 'मुलांना फळा स्वतः हाताळू देणे.' शाबासकी मिळाली. आठ दिवसांनी वर्गाची यादी आली, आणि त्यात कादंबरी. तिची मुलगी हो. आई गेली तेव्हा चौथीत होती, आता नववीत — माझ्या वर्गात, दुसऱ्या बाकावर. फळ्याशी पहिली तीच येते. धडा सुरू करते आणि बाजूला सरकते, आई झाकली जाऊ नये म्हणून. परवा म्हणाली, "बाई, आईचे सगळे धडे मला घरी मिळतील?" मी हो म्हणून गेले. मुख्याध्यापक तर म्हणाले, सगळ्याच मुलांना देऊन टाका — आणि आज तुम्ही आलात.

काय असणार एकविसाव्या मिनिटानंतर? काही नाही. ती रेकॉर्डिंग बंद करायला विसरली, एवढंच. बहिणीचा फोन आला तिच्या. 'चार दिवसांपूर्वी धायरीला उल्काकडे गेले होते गं, तिला स्क्रीन शिकवायला. सारखी शिंकत होती, म्हणाली धुळीची ॲलर्जी आहे. आज माझ्याच अंगात कणकण आहे.' आणि हसते. 'पण शिकली हो एकदाची!' — असं म्हणते.

उल्का म्हणजे मी. आणि ॲलर्जी नव्हती.

दाराशी कोणी आलं का? नाही ना? — ती आली त्या सकाळी ताप होता मला. गोळी घेतली, थर्मामीटर धुऊन कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक माझ्या ऑनलाइन तासाला बसणार होते. मला त्या कागदाची भीती वाटली हो, तापाची नाही वाटली. निघताना तिनं फोन केला होता, 'येऊ ना?' मी म्हणाले, 'ये, पोहे करते.' अकराव्या दिवशी...

कुणाकडून लागण झाली हे सांगता येत नाही, असं सगळेच म्हणतात. तुम्ही नका म्हणू.

कायमचा काढून टाकता येतो? असा, एका बोटानं? मग काढा. चौदावा काढा. — पण कादंबरीनं मोजलेत हो धडे. पंधरा. आणि आईचं ते हसणं पुढच्या चार मिनिटांतच आहे, बाकी कुठल्याच धड्यात ती हसत नाही, मी सगळे बघितलेत. विचारतोय बघा फळा, 'नक्की काढायचं?' तुम्ही लावा बोट. थांबा. थांबा! हात काढा तिथून. कोण आहे दारात?

कादंबरी? कधीपासून उभी आहेस? शिपाई मावशींनी चहा दिला होय. ठेव तिथं टेबलावर. आत ये — नाही गं, तुझं काही चुकलं नाही. आमोद, तुम्ही निघा आता. चहा घेऊन जा बाहेर. हो, सगळेच राहू द्या, पंधराच्या पंधरा. दार ओढून घ्या.

चौदावा लाव, कादंबरी. मी आज मागेच बसते.