पाईपातले ठोके

पाणी तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या बाकावर दोघं बसली होती. बाईच्या मांडीवर पाण्याची बाटली होती. माणूस खडीच्या खाणीभोवतालच्या बोअरची पातळी मोजणारा होता.

"काल आला होतात तर चहाला तरी थांबायचं, भाऊ."

"काल मी रजेवर होतो, वहिनी."

"मग आमच्या बोअरचा पाईप कोणी ठोकला? अगदी तुमच्यासारखा. टक, टक, आणि जरा थांबून टक."

"मी ठोकतो ते बेडूक बसलेले असतात म्हणून. ठोकल्याशिवाय मोजायची फीत आत सोडत नाही. पण काल मी आलोच नाही."

"अंगणात कुणी नव्हतंच. आवाज पाईपातून, खालून आला."

"पाणी फार खाली गेलंय तुमचं. खाणवाले सारखं उपसतायत. आतली खडी सुटून पडत असेल."

"खडी अशी थांबून थांबून पडते?"

"तसं ऐकलं नाही कधी."

"सासूबाईंचा मात्र वेळ छान जातोय. त्या पळीनं पाईप ठोकतात. जेवढे ठोके देतील, तेवढेच खालून परत येतात."

"त्यांना म्हणावं, नादी लागू नका."

"त्या कसल्या ऐकतायत. आणि आज सकाळी आवाज बोअरमधून नाही आला. स्वयंपाकघराच्या फरशीखालून आला."

"वहिनी, ती बाटली राहू द्या. आधी त्यांना घराबाहेर काढा."

"सांगून पाहिलं. म्हणाल्या, पाहुणा एवढा दाराशी आलाय, आता घर सोडून कशी जाऊ?"