आईचा दुसरा हात

दवाखान्यात माझ्याआधी एका बहिऱ्या बाईंचा नंबर लागला. सोबत खुणांच्या भाषेची दुभाषी आत गेली. बाईंची मुलगी बाहेर दाराच्या काचेला चिकटली, मुलगा येरझारा घालू लागला.

“आईचं सगळं पोचतंय ना, ताई?”

“कुठलं! दुभाषी पोरगी नवशिकी आहे. आई तिच्यासाठी सावकाश, बाळबोध खुणा करतेय.”

“छातीतली कळ सांगितली?”

“‘थोडं दुखतं’ म्हणाली. घरी कळ सांगताना अख्खा हात खांद्यापासून झटकते!”

“मग तू जा ना आत!”

“‘पोरीला वाईट वाटेल, मध्ये तोंड खुपसू नकोस’ असं बजावलंय तिनं.”

“धन्य आहे! आता काय?”

“कळ केवढी, विचारतायत डॉक्टर. चिमटीएवढी दाखवली.”

“एकाच हातानं?”

“हो. दुसऱ्यानं खुर्ची घट्ट धरलीये.”

“सरक. मी जातो.”