नवऱ्याचं नाव

प्लेगच्या धास्तीनं अर्धी मुंबई पळत सुटली होती. माझगावच्या बंदरावर, कोकणच्या गलबतासाठी, सुभद्रा तपासणीच्या रांगेत उभी होती. पुढची दोघं दबक्या आवाजात बोलत होती.

“मंजुळा ना तू? किती वर्षांनी!”

“दूर उभा राहा, धर्मा. ताप आहे मला.”

“आणि नवरा?”

“जहाजावर. रंगूनला.”

“मग एकटीच निघालीस?”

“सोबत कोण देणार? तू दिलीस? सुपारी फुटल्यावर लग्न मोडलंस.”

“बापापुढे तोंड उघडलं नाही गं माझं.”

“आताही उघडू नकोस. जा धर्मा, गलबत सुटेल.”

नर्सबाईनं मंजुळाची काख चाचपली.

“गाठ आहे. इस्पितळात न्या हिला.”

“मला एकटीला नका नेऊ, बाई! तिथनं कोणी परत येत नाही!”

“घरचं माणूस असेल तर येऊ दे सोबत.”

“मी येतो. मी नवरा हिचा.”

शिपायानं त्याला मागं ढकललं.

“तू गप. काय गं, नाव काय तुझ्या नवऱ्याचं?”

मंजुळानं पदर कपाळावर ओढला. ओठ घट्ट मिटून तिनं मागं सुभद्रेकडं पाहिलं.

सुभद्रा एक पाऊल पुढं आली.

“धर्मा,” ती म्हणाली. “धर्मा नाव हिच्या घरधन्याचं.”