भुईच्या वाऱ्यावरची होडी

क्रिस्टिना : ...तेवढंच सांगायचं, बाई. पुस्तकातलं हे सगळं तुमच्या मनातलं आहे, एवढंच. जास्त समजावत बसू नका, आय आणखी प्रश्न विचारेल.

ज्ञानदा : पण ते सगळं मनातलं नाही ना, क्रिस्टिना. तुझ्या आईनंच मला सांगितलं होतं. शाळेची मुलं घेऊन मी वारा मोजायला आले होते, तेव्हा. याच वलांडीखाली, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंखाली बसून.

क्रिस्टिना : आठवतंय. पोरांनी बोंबलांच्या शेजारी कापडाच्या पिशव्या टांगल्या होत्या. आख्खं पाचूबंदर हसत होतं.

ज्ञानदा : वाऱ्याची दिशा कळावी म्हणून होत्या त्या.

क्रिस्टिना : दिशा बोंबलांना विचारायची. फुकट सांगतात.

ज्ञानदा : तुझ्या आई किती वेळा ऐकतात माझ्या पुस्तकातली ती गोष्ट?

क्रिस्टिना : रोज. मी दवाखान्यातून ड्युटी करून येते, पाय धुते, की पुस्तक हातात. नऊ गोष्टी आहेत ना त्यात? तिला चौथीच पाहिजे. माझ्या भावाची, जोएलची.

ज्ञानदा : रुडॉल्फची.

क्रिस्टिना : नाव बदललंत, बाई, पण माणूस तोच ठेवलात. किनाऱ्याला लागताना होडीच्या कडेवर वल्हं दोनदा आपटायचं, म्हणजे आईला कळेल, चहाचं पाणी ठेवेल. आमच्या गल्लीत हे दुसरं कुणी करत नव्हतं.

ज्ञानदा : मला विचारायला हवं होतं. पुस्तक पोस्टानं पाठवलं तेव्हा वाटलं होतं, तुम्हाला आवडेल.

क्रिस्टिना : आवडलं ना, तोच तर प्रॉब्लेम आहे. खरा जोएल दहा वर्षांपूर्वी समुद्रात गेला तो गेला. होडीचं लाकूडसुद्धा नाही मिळालं. तुम्ही पुस्तकात त्याला परत आणलात.

ज्ञानदा : आणि त्या मानतात की तो...

क्रिस्टिना : पहाटे दार उघडं टाकते. म्हणते, वल्हं वाजलं. अहो, वलांडीचे बांबू वाजतात! गेल्या वर्षी कशीबशी तयार झाली होती. पपांच्या कबरीच्या फरशीवर खाली जागा आहे, तिथं जोएलचं नाव कोरायचं ठरलं. मृतांच्या दिवशी चर्चमध्ये मिस्सात गेलेल्यांची नावं वाचतात, त्यातही द्यायचं ठरलं. मग तुमचं पुस्तक आलं. सगळं बंद.

ज्ञानदा : यंदाचा दिवस परवा ना?

क्रिस्टिना : परवा. यादी आज पाचपर्यंत फादरांकडे द्यायची. दहा वर्षांत माझ्या भावासाठी एक मिस्सा झाला नाही, बाई. गावातल्या सगळ्यांची नावं वाचतात. मी बाकावर बसून वाट बघते, आणि पुढचं नाव दुसऱ्याच कुणाचं येतं.

ज्ञानदा : मला बोलवायचं तुझ्या मनात आलं?

क्रिस्टिना : फोन मी केला. बोलव म्हणाली ती. 'लिवनारीला आन, मग बघू.' आता 'बघू' म्हणजे काय ते तुम्हीच बघा. आली बघा.

(रेजिना काठी टेकत मागल्या दारानं अंगणात येते आणि उलट्या घातलेल्या टोपलीवर बसते.)

रेजिना : कोन, वारा पिशवीत भरनारी बाय ना ही?

ज्ञानदा : हो, मावशी. ज्ञानदा. चंदनसारहून आले.

रेजिना : वालल्यास. शाळेत खायला देत नायत का? क्रिस्टू, चहा दिलास?

क्रिस्टिना : आय, चहा नंतर. बाईंना परत जायचंय.

रेजिना : हिला घाई. दवाखान्यात सुया टोचून टोचून अशी झाली. बाय, तुझं पुस्तक आयकलं मी. आख्खं.

ज्ञानदा : कसं वाटलं?

रेजिना : गिरीजच्या केळीवाल्याची गोष्ट बरी. वादळात बाग आडवी होते, नि दुसऱ्या दिवशी तो चिखलात बसून बुंध्याशी कोंब शोधतो. मानूस तसाच करतो. रडत नाय, शोधतो. मिठागरवाल्या बाईची पन खरी. तिच्या पायांच्या भेगा तू बगितल्या असशील.

ज्ञानदा : बघितल्या होत्या.

रेजिना : ती सहावी, शहरातली, ती काय मला समजली नाय. त्यात नुसतीच खिडकी हाय.

ज्ञानदा : ती बऱ्याच जणांना समजली नाही.

रेजिना : आनि चौथी.

ज्ञानदा : मावशी, त्या चौथीबद्दलच बोलायला आले. ती गोष्ट आहे. रुडॉल्फ नावाचा कुणी नव्हता.

रेजिना : रुडॉल्फ नव्हता ते मला ठाव हाय. वल्हं दोनदा आपटनारा होता.

ज्ञानदा : तुम्हाला न विचारता लिहिलं. माफ करा.

रेजिना : ते राहू दे. मी तुला सांगितलं ते काय मडक्यात घालून ठेवायला नव्हतं सांगितलं. मला येगलंच विचारायचंय. क्रिस्टू, वाच ते पान.

क्रिस्टिना : आय, तुला पाठ आहे.

रेजिना : तिला पाठ नसंल. वाच.

क्रिस्टिना : 'मशीन बंद पडून तीन दिवस झाले होते. चौथ्या दिवशी उजाडू लागलं. समोर किनाऱ्यावरचे माड काळे दिसायला लागले. पाठीमागून वारा आला, ताडपत्रीचं शीड फुगलं, आणि होडी काही न बोलता घराकडे निघाली.'

रेजिना : बस. बाय, पाठीमागून म्हंजे कुठून?

ज्ञानदा : समोर किनारा, म्हणजे पाठीमागून... समुद्राकडून.

रेजिना : किती वाजता?

ज्ञानदा : पहाटे. उजाडताना.

रेजिना : पावसाळा सरल्यावर ना? आता हाय तसे दिस.

ज्ञानदा : हो.

रेजिना : तू शाळेत पोरांना वाऱ्याचं काय शिकवतेस?

ज्ञानदा : वाऱ्याचं?

रेजिना : सांग ना. मी कदी शाळेत नाय गेले.

ज्ञानदा : दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून रात्रीपासून सकाळपर्यंत तो जमिनीकडून समुद्राकडे जातो. ते मतलई वारे.

रेजिना : आमी त्याला भुईचा वारा म्हनतो. त्या वाऱ्यावर आमची मानसं दर्यात जातात. त्या वाऱ्यावर, पहाटे, ताडपत्रीचं शीड लावून कोनी घरी आलेलं बगितलंस?

ज्ञानदा : नाही. येता येणार नाही. होडी उलटी समुद्रात आत जाईल.

क्रिस्टिना : एक मिनिट. आय, हे तुला कधी कळलं?

रेजिना : पयल्या वाचनाला.

क्रिस्टिना : पहिल्या? आणि मग वर्षभर मला रोज वाचायला लावलंस? घसा बसला माझा!

रेजिना : चांगलं वाचतेस तू. म्हनून.

क्रिस्टिना : मला वाटलं, तुला वाटतंय तो जिवंत आहे.

रेजिना : जिता मानूस दुपारच्या वाऱ्यावर येतो, गो. दर्याकडचा वारा सुटला की सगल्या होड्या येतात. पहाटे, भुईच्या वाऱ्याच्या तोंडावर, शीड फुगवून येनारा जिता नसतो. माझा सासरा सांगायचा. अशी होडी दिसली तर हाक मारायची नाय. दार उघडं ठेवायचं, नि गप बसायचं.

क्रिस्टिना : तू हे मला कधी नाही सांगितलंस.

रेजिना : तू बांबूंचं सांगत होतीस. मी म्हटलं, असू दे. पन ही बाय चंदनसारची. हिला आमचं हे कोनी सांगितलं? सासरा मेला तवा ही परकरात असंल. आनि पुस्तकात तर तसंच लिवलंय, बरोबर पहाटेचा येळ, बरोबर उलटा वारा. म्हनून म्हटलं, लिवनारीला आन. तिनं समजून लिवलं असंल, तर माझा जोएल गेला. मग मी नाव देते.

क्रिस्टिना : मग झालंच की! बाई, सांगा ना. तुम्ही सायन्सच्या टीचर, तुम्ही काय असंच लिहिणार? ठरवूनच लिहिलंत. हो ना?

रेजिना : क्रिस्टू, तिच्या तोंडात शब्द घालू नको.

क्रिस्टिना : चार वाजून गेलेत, आय. बाई, प्लीज. एक शब्द.

ज्ञानदा : क्रिस्टिना, मला तो शब्द म्हणता येणार नाही.

क्रिस्टिना : बाई!

ज्ञानदा : चूक झाली, मावशी. मला तुमच्या सासऱ्यांचं काही ठाऊक नव्हतं. दरवर्षी फळ्यावर आकृती काढते, बाण काढते, पोरांनी बाण उलटा काढला तर गुण कापते. आणि माझ्या पुस्तकात बाण उलटा गेला. छापून आल्यावरही माझ्या लक्षात आलं नाही. आत्ता आलं, तुम्ही विचारलंत तेव्हा.

क्रिस्टिना : झालं. संपलं. आता बस वाट बघत आणखी दहा वर्षं. बाई, तुम्हाला काय जात होतं हो?

ज्ञानदा : मी खोटं बोलले असते, तर त्याचं नाव माझ्या खोट्यावर वाचलं गेलं असतं. तुला ते ऐकवलं असतं?

क्रिस्टिना : हो. मला ऐकवलं असतं.

रेजिना : भांडू नका. बाय, ते पान कवा लिवलंस?

ज्ञानदा : पहाटे. शाळेआधी तेवढाच वेळ मिळतो.

रेजिना : कुठं बसून?

ज्ञानदा : खिडकीशी. आमची खिडकी पश्चिमेला आहे, इमारतीच्या मागे मोकळं होतं तेव्हा. समुद्र काही दिसत नाही तिथून.

रेजिना : खिडकी उघडी होती?

ज्ञानदा : होती. माझ्या पाठीमागचं दारही. पडदा सारखा खिडकीबाहेर जात होता, दोनदा उठून आत घेतला... थांबा. वारा माझ्या पाठीला लागत होता. मी पश्चिमेकडे तोंड करून बसले होते, आणि भुईचा वारा माझ्या पाठीला लागत होता. मी तोच उचलला आणि शिडाला लावला. असं झालं ते. एवढंच.

रेजिना : तू दर्याकडं तोंड करून बसलीस.

ज्ञानदा : हो.

रेजिना : आनि तो भुईकडं तोंड करून येत होता.

ज्ञानदा : हो.

रेजिना : म्हंजे तुमी समोरासमोर. तुझ्या पाठीचा वारा त्याच्या तोंडावर लागनार. मग शीड कसं फुगलं?

ज्ञानदा : फुगायला नको होतं.

रेजिना : नको होतं ते सोड. तू बगत होतीस ना? फुगलं होतं?

ज्ञानदा : मावशी, लिहिताना डोळ्यांसमोर येतंच काहीतरी. त्याला काही...

रेजिना : फुगलं होतं का?

ज्ञानदा : फुगलं होतं. मला ते इतकं स्पष्ट दिसत होतं की मी विचारच केला नाही.

रेजिना : मग चूक कसली? बगितलंस ते लिवलंस.

क्रिस्टिना : आय...

रेजिना : तुला कोनी सांगितलेलं नव्हतं. समजून लिवलं असतंस तर मी म्हटलं असतं, कुठंतरी आयकलं असंल. न समजता लिवलंस. आता मला शंका नाय.

ज्ञानदा : मी प्रकाशकाला कळवणार होते. पुढच्या छपाईत दुरुस्त करते. दुपारची वेळ घालते, त्याला दुपारी आणते.

क्रिस्टिना : हो, बाई. तेवढं तरी करा.

रेजिना : नको.

ज्ञानदा : पण मावशी, शास्त्रात चूक आहे. माझेच विद्यार्थी वाचतील, हसतील मला.

रेजिना : पिशव्यांना पन हसले होते. दुपारच्या वाऱ्यावर आनलास तर तो जिता येईल, बाय. मग मी त्याचं नाव मेलेल्यांत कोनत्या तोंडानं देऊ? तिथं राहू दे त्याला. पहाटेच.

ज्ञानदा : बरं.

रेजिना : हात लावनार नाय?

ज्ञानदा : नाही लावणार.

रेजिना : क्रिस्टू, पेन हाय? लिव. जोएल. फर्डिनंडचा जोएल. त्या बाजूच्या गल्लीत पन एक जोएल हाय, जिता हाय, नायतर फादर त्यालाच पाठवायचे.

क्रिस्टिना : लिहिलं.

रेजिना : वाचून दाखव.

क्रिस्टिना : 'जोएल. फर्डिनंडचा.'

रेजिना : बरं वाटलं आयकून. जा आता, पाच होतील. फरशीवाल्याला सांग, अक्षरं मोठी काढ. बापाच्यापेक्षा मोठी नको, पन मोठी. आनि हिला सुके बोंबील बांधून दे, वालल्यात. बोंबील नाय, ही.

क्रिस्टिना : देते. चला, बाई, चर्चवरूनच जाऊ, पुढं बस मिळेल तुम्हाला. आय, मी येते अर्ध्या तासात.

रेजिना : सावकाश ये. आज वाचायचं नाय.

ज्ञानदा : येते, मावशी.

(क्रिस्टिना आणि ज्ञानदा अंगणातून चर्चच्या वाटेला लागतात.)

क्रिस्टिना : ...या बाजूनं, बाई, तिकडं जाळी पसरलीत. मघाशी मी जरा जास्तच बोलले.

ज्ञानदा : नाही. तुला किती वर्षं झाली त्या बाकावर बसून.

क्रिस्टिना : कागद नीट घडी करून घेतला ना मी? हो, आहे. खरं सांगू, हातात घेतल्यावर तो द्यावासा वाटत नाहीये.

ज्ञानदा : मी येऊ का आतपर्यंत?

क्रिस्टिना : नको. मीच देते. पण हळू चालू या.

ज्ञानदा : आता मावशी पहाटे दार लावून झोपतील, असं वाटतं तुला?

क्रिस्टिना : काय माहीत. नाव दिलंय. बघू.

ज्ञानदा : त्यांना ऐकू येतं ते... बांबूच ना?

क्रिस्टिना : बांबूच हो. वलांडीच्या दोऱ्या सैल झाल्यात. रात्रभर वाजतात. खडखड, खडखड, नुसती कटकट. नवीन माणसाला झोप लागायची नाही.

ज्ञानदा : हं. वारा फिरला की वाजत असतील.

क्रिस्टिना : पहाटे मात्र दोनदाच वाजतात, बाई. चहाचं पाणी मीच ठेवते.