पंगतीतले अकरा सेकंद

अध्यक्षस्थानी बसलेले आपल्या व्यापारी मंडळाचे गोकुळभाऊ, ज्यांच्यासाठी आज घोडेगावची अर्धी बाजारपेठ शटर ओढून इथे आली आहे ते सत्कारमूर्ती रामनाथशेठ, सत्काराच्या खुर्चीत बसूनही मागच्या रांगेला चहा पोचला का हे मान उंचावून बघणाऱ्या वैजयंतीकाकू, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, आणि शिनोलीपासून पार घाटघरापर्यंतच्या गावांतून आलेल्या माझ्या माता, भगिनी आणि बांधवांनो, सर्वांना सोपानचा नमस्कार.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी गोकुळभाऊंना म्हणालो, ‘भाऊ, मी वायरी जोडणारा माणूस. माइक चालू करून देतो, बोलायला दुसरं कुणी बघा.’ भाऊ म्हणाले, ‘आरं, एकोणीस वर्षं दुकानात काढली तू. तू न्हाई बोलायचं तर काय मी बोलू?’ आणि त्यांनी हे चार पानांचं भाषण कुणाकडून तरी लिहून घेऊन माझ्या हातात दिलं. अक्षर सुंदर आहे. लिहिणाऱ्याचे आभार.

शेठविषयी काय बोलावं? घाटघरहून मी आयटीआयचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आलो, तेव्हा शेठनी ते उघडूनही पाहिलं नाही. म्हणाले, ‘जेवलायस का?’ काकूंनी वाढलं. माझे वडील आजारी पडले तेव्हा स्वतःच्या जीपनं त्यांना पुण्याला नेणारे शेठ. माझं लग्न जमवणारे शेठ. मुलाचं नाव स्वराज ठेवा म्हणणारेही शेठच. एखाद्या माणसानं आपल्यावर इतके उपकार करावेत का, की त्याच्यासमोर मान वर करून बोलायची चोरी व्हावी? तुम्ही हसताय. हसा. पण या व्यासपीठावरून उतरायला एकच जिना आहे आणि तो शेठच्या खुर्चीमागून जातो, हे मी मघाशीच बघून ठेवलंय.

आता शेठ पुण्याला मुलीकडे, समृद्धीताईंकडे राहायला निघालेत. अर्ध्या तासापूर्वी त्यांनी तुमच्यादेखत दुकानाची चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘सोपाननं गिऱ्हाइकाला कधी खोटं सांगितलं न्हाई.’ तुम्ही टाळ्या वाजवल्यात. बराच वेळ वाजवल्यात. तेव्हापासून ही चावी माझ्या खिशात आहे आणि मला धड बसवत नाही.

कारण या भाषणाचं तिसरं पान. वाचून दाखवतो. ‘तालुक्यात अपकन्व्हर्टिंग डीव्हीडी प्लेअर सर्वप्रथम आणून शेठजींनी घरोघरच्या जुन्या डीव्हीडींना हाय डेफिनिशनचे तेज दिले.’ एवढंच वाक्य आहे. ते वाचायचं आणि पुढं जायचं. सकाळपासून आरशासमोर दहा वेळा वाचून पाहिलं. राव, घशाखाली उतरत नाही.

खरंच का त्या प्लेअरनं ते तेज दिलं? ज्यांनी तो घेतला त्यांतले निम्मे लोक आज या सभागृहात आहेत, म्हणून सरळ सांगतो. डीव्हीडीवर चित्राच्या पाचशे शहात्तर ओळी असतात. मोठ्या टीव्हीला लागतात हजार ऐंशी. मधल्या ओळी प्लेअर अंदाजानं भरतो, शेजारची ओळ बघून. आमटीत पाणी घातलं की पंगत निघते, पण आमटी वाढत नाही, तसंच हे. प्लेअर वाईट नव्हता. साध्या प्लेअरपेक्षा कडा सुबक दिसायच्या, नवरा-नवरीचा जवळून घेतलेला चेहरा तर छानच दिसायचा, आणि लांब सोफ्यावर बसलेल्या पाहुण्याला फरक कळायचाही नाही. पण जे डीव्हीडीवर उतरलंच नाही ते कुठलाही प्लेअर आणून देत नाही. हाय डेफिनिशनची बरोबरी त्याला कधीच जमली नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मग तुम्हाला दुकानात ते चित्र इतकं लख्ख कसं दिसलं? आठवतं ना? दोन हजार आठची दिवाळी. दोन टीव्ही शेजारी शेजारी. डावीकडं पाटी ‘साधा प्लेअर’, उजवीकडं पाटी ‘अपकन्व्हर्टिंग प्लेअर’. एकच लग्न दोन्हीकडं चाललेलं. डावीकडं धुरकट, उजवीकडं नवरीच्या मेंदीची रेघन्‌रेघ. लोक म्हणायचे, ‘आयला, जादूच हाय की!’

जादू टेबलाखाली होती. उजवीकडच्या प्लेअरचा दिवा नुसताच लागलेला असायचा. पडद्यामागं आमचा लग्नं काढायचा नवा एचडी कॅमेरा ठेवलेला, त्यात मूळ टेप, आणि त्याची वायर थेट टीव्हीला. कल्पना शेठची. वायर माझी.

गोकुळभाऊ, तुमची चिठ्ठी मिळाली. ‘आवरा’ असं लिहिलंय. आवरतोच आहे, भाऊ. पण निम्म्यात आवरलं तर शेठवर अन्याय होईल, कारण शेठचा भाग इथेच संपतो. पुढचं सगळं माझं आहे.

ते लग्न होतं पिंपळवंडीचं, त्याच वर्षीच्या मे महिन्यातलं. शूटिंग मीच केलेलं. नवरीच्या मावशी म्हणजे शिनोलीच्या सरूबाई. त्या आज इथे आहेत, तिसऱ्या रांगेत, हिरव्या लुगड्यात. त्यांचे मालक गेणभाऊ. ज्यांनी गेणभाऊंना पाहिलंय त्यांना सांगायला नको, कॅमेरा दिसला की हा माणूस गायब. त्यांचा एकच फोटो, मतदार ओळखपत्रावरचा, आणि त्यात चोरी करताना धरल्यागत दिसतात. पण त्या लग्नात पंगतीला आमटी वाढताना ते लांबून का होईना, अकरा सेकंद माझ्या कॅमेऱ्यात सापडले, आणि हसताना सापडले. समोरचा अर्धा तुटका दात दिसेल असे.

दिवाळीच्या आधी गेणभाऊ गेले. मळणी चालू होती, छातीत कळ आली आणि खळ्यातच बसले ते उठले नाहीत. महिन्याभरानं सरूबाई बल्ब घ्यायला दुकानात आल्या आणि उजवीकडच्या टीव्हीवर त्यांना मालक दिसले. बल्ब राहिला हातात. म्हणाल्या, ‘आगं बया, ह्यांचा दात दिसतोय की!’ तिथेच जमिनीवर बसल्या. मी ती पंगत त्यांना चार वेळा लावून दाखवली. मला वाटलं, केवढं पुण्याचं काम करतोय मी!

त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत. त्यानं टीव्ही आणि प्लेअर दोन्ही नेलं. बसवायला मीच शिनोलीला गेलो. घरची डीव्हीडी घातली. पंगत आली, बादली आली, आणि गेणभाऊंच्या तोंडाच्या जागी एक पुसट डाग आला. सरूबाई टीव्हीच्या काचेला नाक लावून बघत होत्या. ‘सोपान, दुकानात दिसत व्हतं. हितं का दिसंना?’ मी वायर काढून परत लावली. मंडळी, वायर चांगलीच होती. मला काहीतरी करताना दिसायचं होतं.

आठ दिवसांनी त्या दुकानात आल्या. शेठ गिऱ्हाइकांच्या गडबडीत होते, सहज म्हणाले, ‘मावशी, वय झालं, डोळं तपासून घ्या.’ शेठ, तुम्हाला हे आठवतही नसेल. सरूबाईंनी ते खरं धरलं. का धरू नये? दुकानाची वस्तू खोटी असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही, म्हणून स्वतःचे डोळे खोटे ठरवले. गेल्या त्या डोळ्यांच्या शिबिरात. मोतीबिंदू निघाला थोडा, या वयात निघतोच. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं.

दिवाळीची मांडणी उतरवल्यावर, त्या मधल्या दोन महिन्यांत, ती टेप माझ्या डोक्यावरच्या फळीवर होती. वर माझ्याच हातानं लिहिलेलं, ‘पिंपळवंडी, पंगत’. कॅमेरा पिशवीत घालून शिनोलीला गेलो असतो, एक वायर लावली असती, तर बाईंना मालक दिसले असते. हवे तेवढ्या वेळा दिसले असते. पण मग त्या विचारणार, ‘ह्या डब्यातून दिसतं, तर तू बसवलेल्या डब्यातून का न्हाई?’ आणि तोवर तो डबा आपण अर्ध्या तालुक्यात विकलेला. शेठचं नाव जाणार. ज्या माणसानं माझ्या बापाला जीपमध्ये घालून नेलं त्याचं नाव माझ्या तोंडून जाणार. मी रोज फळीकडं बघायचो आणि रोज दुसरं काम काढायचो.

मग लग्नसराई लागली. आमच्या धंद्यातली रीत सगळ्यांना माहीत आहे. डीव्हीडी दिली की टेप मोकळी, पुढच्या लग्नाला तीच. त्या दिवशी टेपा कमी पडल्या. शेठ म्हणाले, ‘फळीवरची घे कुठलीबी.’ फळीवर एकच होती. शेठला माहीत नव्हतं ती कुठली. मला माहीत होतं. मनात म्हणालो, डीव्हीडी तर आहेच की त्यांच्याकडं. आणि गेणभाऊंच्या हसण्यावर मी मंचरच्या एका लग्नाची वरात उतरवली.

दहा-बारा दिवसांनी सरूबाई काळा चष्मा लावून दुकानात आल्या. चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘आता दाव.’ मी म्हणालो, ते दोन टीव्ही आता काढले. त्या म्हणाल्या, ‘बरं बरं.’ पुढं वर्ष-दोन वर्षांनी काही नवीन आलं की त्या यायच्या. ‘ह्याच्यात तरी यील का रं?’ मी म्हणायचो, ‘बघू.’ सोळा-सतरा वर्षं ‘बघू’ म्हणतोय. दुकान सोडून गेलो असतो, पण कुठं जाणार? जाईन तिथं शिनोलीचा माणूस भेटतोच.

आज सकाळी त्या परत आल्या. ही डीव्हीडी, बघा, रुमालात गुंडाळलेली. म्हणाल्या, ‘नवा टीव्ही आलाय म्हणं, आपसूक चेहरा साफ करतोय.’ मी दुपारी, समारंभाच्या आधी, शटर अर्धं ओढून लावून पाहिली. मंडळी, चेहरा आला! नाक आलं, भुवया आल्या. हसताना बत्तीसच्या बत्तीस दात आले, एकसारखे, पांढरेशुभ्र. टीव्हीला तुटका दात कुठून माहीत असणार? त्यानं कुठला तरी भला माणूस काढून दिला. गेणभाऊ नाहीत ते.

आणि माझ्या मनात काय आलं सांगू? दाखवून टाकावं. म्हातारीची नजर आता अधू झालीय, मानतील, खूश होतील, मी सुटेन. पाच मिनिटं मी खरोखर हाच विचार करत रिमोट हातात धरून उभा होतो. लाज वाटते सांगायला.

सरूबाई, दोष तुमच्या डोळ्यांचा नव्हता. दुकानात तुम्हाला दिसलं ते खरं होतं आणि घरी दिसलं नाही तेही खरं होतं. प्लेअर आम्ही खोटा दाखवला. टेप मी पुसली. आता कुठल्याही टीव्हीत ते येणार नाहीत. मुलाला नवीन टीव्ही घ्यायला सांगू नका.

शेठ, मान खाली घालू नका. चावी मी तुमच्यासमोर टेबलावर ठेवतो आहे. ऐकून घेतल्यावरही द्यावीशी वाटली तर उद्या सकाळी द्या, नाहीतर राहू द्या.

एक मिनिट. सरूबाई उभ्या राहिल्यात. जरा शांतता राखा, मागचे! बोला बाई. माइक राहू द्या, मला ऐकू येतंय, मी सगळ्यांना सांगतो. त्या म्हणतायत, ‘टेप गेली, बरं. पण तू तर पाह्यलीस. डीव्हीडीत ह्यांचं डोळं दिसत न्हाईत. हे कुणाकडं बघून हसलं, तेवढं सांग.’

शंभरदा पाहिलीय बाई मी ती टेप. बायकांची पंगत समोरच होती आणि तुम्ही पहिल्या पानावर होतात. ‘तुमच्याकडं बघून’ असं म्हणायला मला किती सोपं आहे. खरं-खोटं करायला कुणाकडं काही उरलेलं नाही.

न्हाई, सरूबाई. माझ्याकडं बघून हसले. कॅमेरा पाहिला तसे बादली घेऊन निघाले होते. मी हाक मारून म्हणालो, ‘पळू नका गेणभाऊ, क्यामेरा बंद हाय.’ तेव्हा हसले.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवूनही मला खाली बसवलं नाही, काकूंनी एकोणीस वर्षं पोटभर वाढलं, आणि तुम्ही सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलंत, सगळ्यांचा आभारी आहे. बोलण्याच्या ओघात मानापानात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर सभागृहानं ते मोठ्या मनानं पोटात घालावं. सरूबाई, तुम्ही मात्र घालू नका.