टाक्यांवरची चाकं

—न्हाई न्हाई, बसा की आण्णा, बाकडं तुमचंच हाय, मी फकस्त इचारलं चाकं कुटं हायेत. काल सांजच्याला मी भुकूमला साखरपुड्याला गेलो, मागं तुमी टेम्पो घिऊन आला, आमच्या बायकूनं, रंभाबाईनं, दोनी चाकं दिली काढून — तिला काय म्हाईत, तिला वाटलं काम झालं. झालं न्हवतं आण्णा! त्या फार्महाऊसवाल्यानं भिंत घातली, वाट अरुंद झाली, ट्रॅक्टर निघंना, म्हणून तुमीच म्हणला, वाल्मीक, चाकाची मधली डिश, ती बोल्टाची तबकडी, सरकव, चाकं आत येतील. सरकवली. रिमपासनं कापली, चार बोटं सरकवली, चारी बाजूंनी एकेक टाका मारला वेल्डिंगचा — आन् लाइट गेली. टाका कशापायी मारायचा? चाक सरळ फिरतंय का बघायला. मग गोल फिरून सगळं भरायचं. टाका भार घेत न्हाई आण्णा, शिंप्यानं कच्ची शिलाई घालावी तसला तो. हे तुमाला हितंच, दारात उभं ऱ्हाऊन काम सांगत व्हता तवाच सांगितलं व्हतं.

काय? बसवली? आन् ट्रॅक्टर वर गेलाय — उताराच्या रानाच्या पट्टीवर, नांगर लावून? पिरंगुटात भरून घेतली म्हणताय? कवा? काल हितनं पिरंगुटापत्तूर कुटं लाइट न्हवती, पार सकाळी आली. कुणी भरली, चुलीवर? — आन् ते नखात काय हाय तुमच्या? निळा रंग हाय तो. चाकाचा. टाक्यांवर रंग मारला तुमी, व्हय ना? म्हंजे बघणाऱ्याला वाटावं, पक्कं काम हाय. इश्रामला वाटावं. सख्खा भाऊ तुमचा, पाठचा — सांगितलं का त्याला? न्हाई सांगितलं. तुमी खाली बघताय म्हंजे न्हाई सांगितलं.

मी काय बोलणार न्हवतो. खरंच न्हवतो बोलणार. ही शेड तुमच्या जागेत हाय, उद्या उठ म्हणला तर मशीन डोक्यावर घिऊन कुटं जाऊ मी? पण मगापासनं बघतोय. तुमी ह्या दुकानात कवा टेकला न्हाई आण्णा, काम सांगायचं आन् चालायला लागायचं. आज च्या घेतला. परत मागितला. रस्त्यानं जाईल त्याला राम राम घालताय — चांदे गावच्या त्या गवळ्याला घातला, ज्याचं तोंड बघत न्हाई तुमी! म्हणलं आण्णांना झालंय काय आज? आता कळलं. समद्यांनी बघावं, आण्णा सकाळधरनं वाल्मीकच्या दुकानात व्हते. मला साक्षीला धरलंय, व्हय ना? त्या पट्टीखाली ओढा हाय. चाक निसटलं की ट्रॅक्टर सरळ उलथून ओढ्यात, आन् चालवणारा खाली. मग ती दोघांच्या नावची पट्टी इकायला सही कुणाची मागायची ऱ्हाईली? इश्राम म्हणतोय मी जित्ता हाय तवर देत न्हाई — हे सगळ्या गावानं ऐकलंय, मी बी ऐकलंय.

मला भ्या वाटतंय तुमचं. सरळ सांगतो, वाटतंय. तरी मी जाणार. सरका, गाडी तुमच्या मागं हाय. — किल्ली? माझ्या गाडीची किल्ली तुमच्या मुठीत कशी? द्या हिकडं. आण्णा, द्या म्हणतोय ना. वर मोबाइल लागत न्हाई, न्हाईतर हितनंच हाळी दिली असती इश्रामला, थांब म्हणून, इंजान बंद कर आन् उतर खाली—

थांबा.

इश्राम कसा असंल वर? इश्राम सकाळी यष्टीला उभा व्हता, मी बघितला, तुकाबाईला घिऊन पौडला निघालेला. दात दुखतोय म्हणला बायकोचा, दवाखान्यात दुपार व्हईल. हितंच उभा व्हता, फाट्यावर, मी हात केला त्याला. मग ट्रॅक्टर कुणी नेलाय? तुमी बघितला का जाताना? न्हाई — तुमी उठला तवा अंगणात न्हवता, म्हणून धरून चालला की त्यानंच नेला. व्हय?

आण्णा — तुमची पल्लवी घरात हाय का?

कालिजात म्हणू नका. ती कालिजात न्हाई जात रोज. मी सांगणार न्हवतो, तिनं शप्पत घातलीय मला, बापाला कळलं तर तंगडं मोडंल म्हणती — चुलत्यानं शिकवलंय तिला ट्रॅक्टर. दोन महिनं झालं. डिझेलचा कॅन माझ्याकडं ठेवती, पुस्तकाची पिशवी ह्या खिळ्याला अडकवती आन् जाती. लई ग्वाड चालवती आण्णा, इश्राम म्हणतो माझ्यापेक्षा सरळ काढती नांगराचं तास पोरगी. तो नसला की एकटी नेती. आज बी आली व्हती, तुमी यायच्या आदी, ट्रॅक्टर वरच्या वाटंला उभा करून; साखरपुड्याची झोप डोळ्यांवर, चाकं मला आठवली बी न्हाईत — ही बघा पिशवी. कॅन घिऊन गेली, हासत गेली, म्हणली वाल्मीककाका, आज उताराची पट्टी संपवते, आण्णांना दावते एकदाची—

आवं आण्णा! आण्णा, पायी कुटं? दीड मैल चढ हाय त्यो — आण्णा, किल्ली! माझी किल्ली टाका हिकडं, पायी न्हाई पोचायचं तुमी!